गच्चीवरचा जुना सोलर: दुरुस्त करावा की बदलावा?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात दहा-पंधरा वर्षांचे जुने घर विकत घेतले, की गच्चीवरचा पाणी तापवणारा सोलरही त्याबरोबर आपल्याकडे येतो. घर पाहताना आपण भिंतींची ओल पाहतो, सातबारा किंवा मिळकत पत्रिका वकिलाला दाखवतो, बोअरला पाणी किती ते विचारतो; पण गच्चीवर चढून सोलरच्या टाकीखाली हात फिरवून पाहणारा माणूस विरळाच. मग पहिली थंडी पडते, सकाळी नळाला कोमट पाणी येते आणि बोलावलेला कारागीर पाच मिनिटांत सांगून मोकळा होतो की आता सगळेच बदलावे लागेल. दुसरा येतो, चार ट्यूब बदलतो आणि पैसे घेऊन जातो, तरी पाणी कोमटच राहते. ज्यांना या यंत्रणेची पूर्वीची काहीच माहिती नाही, अशा नव्या घरमालकांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच सांगतो: हा निर्णय टाकीवर ठरतो आणि टाकीचे आयुष्य घरात येणाऱ्या पाण्यावर ठरते. ट्यूब, वॉशर, व्हॉल्व्ह, हीटरची कॉइल, लोखंडी स्टँड ही सर्व बदलता येणारी अंगे आहेत. आतली टाकी शाबूत असेल तर पंधरा वर्षांची यंत्रणाही दुरुस्त करण्याजोगी असते. आतली टाकी फुटली असेल तर पाच वर्षांच्या यंत्रणेवरही खर्च करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने कराव्यात, म्हणजे कारागीर येण्याआधीच आपल्याला निम्मे उत्तर मिळालेले असेल.

पहिली पायरी: गच्चीवर काय आहे ते ओळखणे

आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. काळ्या काचेच्या लांब नळ्या तिरप्या लावलेल्या असतील आणि त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी असेल, तर तो ट्यूबवाला सोलर. काचेखाली काळा सपाट पत्रा असलेली पेटी असेल आणि टाकी त्याहून उंचावर वेगळी बसवलेली असेल, तर तो प्लेटवाला सोलर. त्याच्या आत तांब्याच्या नळ्या असतात. जुन्या बंगल्यांवर दुसरा प्रकार बराच दिसतो, अलीकडच्या घरांवर बहुतेक पहिलाच.

ट्यूब मोजाव्यात. ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १,८०० मिलिमीटर लांबीच्या ट्यूब असतील तर दर शंभर लिटरला साधारण दहा लागतात. ४७ मिलिमीटर जाडीच्या, १,५०० मिलिमीटर लांबीच्या ट्यूब असतील तर चौदा-पंधरा. प्लेटवाल्या प्रकारात साधारण दोन चौरस मीटरची एक प्लेट शंभर ते सव्वाशे लिटरला पुरते. टाकीच्या बाजूला कंपनीची पट्टी असते. तिच्यावरचा अनुक्रमांक, क्षमता आणि बसवल्याचे वर्ष यांचा फोटो काढून ठेवावा. पूर्वीच्या मालकाकडे हमीपत्र असेल तर तेही मागून घ्यावे, कारण टाकीची हमी बहुधा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते आणि ती कधी कधी अजून शिल्लक निघते.

दुसरी पायरी: दोष सोलरचा की घरातल्या नळांचा?

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. आजच्या न्हाणीघरात गरम-थंड पाणी एकत्र करणारे मिक्सर असतात. त्यातल्या एखाद्याला पुढे हँडशॉवर जोडलेला असतो आणि पाणी त्या शॉवरच्या बटणाने बंद केले जाते, मात्र मिक्सरचे दोन्ही कॉक उघडेच राहतात. अशा वेळी ज्या बाजूला दाब अधिक तिकडचे पाणी दुसऱ्या बाजूच्या पाईपमध्ये शिरते, आणि बहुतेक वेळा थंड पाणीच गरम पाण्याच्या लाइनमध्ये घुसते. सोलर उत्तम तापत असतो, तरी नळाला कोमट पाणी येते.

याची परीक्षा सोपी आहे. गच्चीवर टाकीतून गरम पाणी बाहेर पडते तिथला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि खाली न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडावा. पाईपमधले साचलेले पाणी निघून गेल्यावर नळ कोरडा पडला पाहिजे. तो तसाच वाहत राहिला, तर कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये येत आहे. मग एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत गेले की दोषी मिक्सर सापडतो, आणि सोलरला हात न लावता काम होते.

याच ओघात दुसरे एक विचारावे: घरात प्रेशर पंप बसवला आहे का? बहुतेक घरगुती सोलर टाक्या दाब न सोसणाऱ्या, म्हणजे वरच्या थंड पाण्याच्या टाकीतून उताराने भरणाऱ्या असतात आणि त्यांना हवा जाण्या-येण्यासाठी उघडा व्हेंट पाईप असतो. अशा टाकीला पंपाचा दाब दिला, किंवा व्हेंट पाईपवर टोपी बसवली, तर आतली टाकी फुगते किंवा चेपते आणि तिचे सांधे सुटतात. कोणी नव्याने पंप बसवायचे सुचवले, तर तो सोलरच्या लाइनवर येणार नाही याची खात्री करून घ्यावी.

तिसरी पायरी: दोन वेळा तापमान मोजणे

शंभर अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर घ्यावा. तापाचा थर्मामीटर यासाठी चालत नाही. निरभ्र दिवस निवडावा आणि त्या दिवशी सकाळनंतर गरम पाणी वापरू नये. संध्याकाळी पाचच्या सुमारास टाकीच्या जवळच्या नळातून, पाईपमधले पाणी आधी सोडून देऊन, तापमान घ्यावे. रात्री पाणी न वापरता दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा घ्यावे.

आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात नीट चालणाऱ्या यंत्रणेचे पाणी संध्याकाळी ५५ ते ६० अंशांपर्यंत जायला हवे. संध्याकाळीच ते ४० च्या आसपास असेल, तर ऊन गोळा करण्यात खोट आहे: ट्यूब, क्षार, धूळ किंवा सावली. संध्याकाळी पाणी चांगले तापलेले आणि सकाळी १५ अंशांहून अधिक उतरलेले असेल, तर उष्णता टाकीतून जात आहे किंवा रात्री कुठे तरी थंड पाणी मिसळत आहे. या दोन आकड्यांनी पुढचा सगळा शोध निम्म्यावर येतो, म्हणून कारागिराला फोन करण्याआधी ते कागदावर लिहून ठेवावेत. ज्याला हे आकडे ऐकायचेच नसतात, त्या कारागिराला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र यंत्रणेच्या माथी मारू नये. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाईप वीस मीटर लांब असेल, तर त्यात पाच लिटरच्या आसपास पाणी रात्रभर गार होऊन पडलेले असते आणि सकाळी आधी तेच येते. पाईपवर इन्सुलेशनची नळी चढवली तर दिवसभरात थोडा फरक पडतो, पण पहाटेचे ते पाणी गारच राहणार. ते बादलीत धरून वापरावे.

चौथी पायरी: ट्यूब आणि ऊन

ट्यूबच्या दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते, आणि थर्मासप्रमाणे तीच आतली उष्णता धरून ठेवते. पोकळी शाबूत आहे की नाही, हे डोळ्यांनी कळते. ट्यूबच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. तो बेरियमचा असतो. आत हवा शिरली की हा लेप दुधासारखा पांढरा होतो. टोकावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती हलक्या हाताने काढून प्रत्येक ट्यूबचे टोक पाहावे. पांढरे टोक म्हणजे ती ट्यूब गेली, मग ती बाहेरून कितीही अखंड दिसो. दुसरी खूण हाताला कळते: दुपारी चांगल्या ट्यूबची बाहेरची काच फारशी तापत नाही, पोकळी गेलेली ट्यूब मात्र स्पष्ट गरम लागते.

ट्यूब वरील मापांच्या असल्या तर त्या कोणत्याही कंपनीच्या टाकीला बसतात, त्यामुळे मूळ कंपनी बंद पडली म्हणून यंत्रणा भंगारात काढायचे कारण नाही. वैशाखातल्या वळवाबरोबर गारा पडल्या आणि निम्म्या ट्यूब फुटल्या, तरी टाकी चांगली असेल तर दुरुस्तीच स्वस्त पडते. घराचा विमा काढलेला असेल तर आधी फोटो काढून पॉलिसी उघडून पाहावी. नव्या ट्यूब बसवण्याचे आणि पाणी भरण्याचे काम सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी करावे. भर दुपारी रिकाम्या तापलेल्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडले तर ती तडकते, आणि हा अपघात कारागिराच्या घाईमुळे नेहमी घडतो.

ट्यूब चांगल्या असूनही पाणी तापत नसेल, तर एखादी ट्यूब काढून तिचा तळ पाहावा. बोअरच्या पाण्यावर काही वर्षे चाललेल्या यंत्रणेत तिथे पांढऱ्या पापुद्र्यांचा आणि गाळाचा वीतभर थर साचलेला सापडतो. ट्यूब काढून धुता येतात, आणि एवढ्यानेही फरक दिसतो. प्लेटवाल्या प्रकारात हेच क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत अडकतात आणि पाण्याचे फिरणेच थांबते. तिथे जाणकाराकडून क्षार काढून घ्यावे लागतात.

धुळीचे म्हणाल तर कराड, वाळवा, पलूसकडे साखर कारखान्यांच्या हंगामात चिमणीची काळी राख गच्चीवर येऊन पडते. नेमका तोच थंडीचा, गरम पाण्याच्या गरजेचा काळ असतो, म्हणून त्या महिन्यांत ट्यूब किंवा काच दर पंधरवड्याला पुसावी.

सावलीकडे अधिक गंभीरपणे पाहावे. सांगलीत २२ डिसेंबरला भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर असतो, साताऱ्यात त्याहून किंचित कमी. याचा अर्थ दक्षिणेला दहा फूट उंच भिंत असेल तर तिची सावली माध्यान्ही साडेआठ फुटांपर्यंत पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून बरीच लांब. यंत्रणा बसवल्यानंतर दक्षिणेच्या शेजाऱ्याने मजला चढवला असेल किंवा दारचा आंबा वाढला असेल, तर नवी यंत्रणाही त्या जागी तापणार नाही. अशा वेळी जुनीच यंत्रणा सावली नसलेल्या जागी हलवून बसवावी.

पाचवी पायरी: टाकी

सोलरच्या टाकीचे तीन थर असतात. आत पाण्याची टाकी, जी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. मध्ये पिवळसर फोम, ज्याला कारागीर पफ म्हणतात. आणि बाहेर रंगवलेला पत्रा. बाहेरचा पत्रा गंजला तर ती मुख्यतः दिसण्याची बाब आहे, मात्र त्या फटीतून पावसाचे पाणी आत जाऊन फोम भिजणार नाही इतकी डागडुजी करावी. फोम एकदा भिजला की तो उष्णता धरत नाही आणि सहसा पुन्हा वाळतही नाही. तिसऱ्या पायरीत सकाळचे तापमान फार उतरलेले दिसण्यामागे बऱ्याचदा हेच असते.

गळती दिसली की घाई करू नये, कारण गळती दोन प्रकारची असते आणि दोहोंच्या खर्चात फार अंतर आहे. ट्यूब जिथे टाकीत शिरते तिथे सिलिकॉनची रिंग असते. ती कडक होऊन चिरली की तिथून पाणी झिरपते. रिंग बदलली की काम झाले. आतल्या टाकीला छिद्र पडले असेल तर पाणी फोममधून वाट काढत टाकीच्या सर्वांत खालच्या जागी येते आणि तिथे पांढऱ्या क्षाराचे किंवा तांबूस गंजाचे ओघळ दिसतात. फरक ओळखण्यासाठी टाकीचा खालचा भाग आणि सर्व रिंगांभोवतीची जागा फडक्याने अगदी कोरडी करावी, प्रत्येक रिंगेभोवती खडूने रेघ ओढावी आणि तासाभराने पाहावे. खडू जिथे ओला झाला ती रिंग बदलावी. सर्व रेघा कोरड्या असूनही टाकीखालून थेंब पडत असतील, तर आतली टाकी गेली.

आतली टाकी वेल्डिंग करून देतो, असे सांगणारे भेटतील. घरगुती टाक्यांचा आतला पत्रा अनेकदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एक छिद्र पडले आहे याचा अर्थ आणखी जागी पत्रा आतून खाल्ला गेला आहे. शिवाय वेल्डिंगसाठी फोम कापावा लागतो. अशी टाकी काही महिन्यांनी पुन्हा गळते. या कामावर मी कोणालाही पैसे घालवू देणार नाही.

एक मधला मार्ग आहे, जो विक्रेते आपणहून सहसा सांगत नाहीत. ट्यूब आणि स्टँड चांगले असतील, तर त्याच संख्येच्या आणि त्याच अंतरावरच्या छिद्रांची नुसती टाकी विकत घेता येते. दोन छिद्रांमधले अंतर टेपने मोजून न्यावे. त्याआधी स्टँडचे पाय खालून पाहावेत. दोनशे लिटरची भरलेली यंत्रणा अडीचशे किलोंहून जड असते, आणि गंजलेल्या पायावरचे ते ओझे वादळी वाऱ्यात खाली येणे ही जिवावरची गोष्ट आहे.

सहावी पायरी: पाणी तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत

नवी यंत्रणाही चार-पाच वर्षांत फुटली अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे कंपनीला दोष देण्याआधी पाण्याची तपासणी करावी. नगरपालिकेच्या नळाला येणारे नदीचे किंवा धरणाचे पाणी आणि त्याच घरातल्या बोअरचे पाणी यांत मोठा फरक असतो. सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत क्षारपड जमिनीचा पट्टा आहे, तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असणे साहजिक आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांतही घर बोअरवरच अवलंबून असेल तर ही शंका आधी घ्यावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा खासगी प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि तीन आकडे पाहावेत: एकूण कठीणपणा, एकूण विरघळलेले क्षार आणि क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पिण्यासाठी चालणारे पाणी सोलरला मात्र मानवेलच असे नाही. कठीणपणा पाणी तापल्यावर, विशेषतः ६० अंशांच्या पुढे, पांढऱ्या चुनखडीच्या थरात बदलतो आणि नळ्या बुजवतो. क्लोराइडचे काम वेगळे: ते स्टेनलेस स्टीलला, त्यातही वेल्डिंगच्या सांध्यांजवळ, सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते.

म्हणूनच सॉफ्टनर बसवला की सगळे मिटले, हा समज अपुरा आहे. सॉफ्टनर कठीणपणा काढतो, म्हणजे थर साचणे थांबते. क्लोराइड मात्र तसेच राहते. ज्यांच्या पाण्यात ते जास्त आहे, त्यांनी सोलरला शक्य तर नळाचेच पाणी जोडावे, त्यासाठी गच्चीवर छोटी वेगळी टाकी ठेवावी लागली तरी चालेल. ते शक्य नसेल तर ३०४ ऐवजी ३१६ एल प्रतीच्या स्टीलची, अथवा आतून काचेचा लेप दिलेली टाकी घ्यावी आणि तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड आहे याची खात्री करावी. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. त्याची आतली तार उघडी पडली की तो बदलावा. दरवर्षी एकदा पाहणे पुरते.

आणखी एक इशारा. क्षार काढण्यासाठी न्हाणीघराच्या फरश्या धुण्याचे ॲसिड टाकीत ओतणारे कारागीर आहेत. ते मिठाचे आम्ल असते आणि त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलची चांगली टाकीही खराब होते. असे कोणी करू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. सायट्रिक ॲसिड, म्हणजे बाजारात मिळणारे लिंबूसत्त्व, या कामाला सौम्य आणि पुरेसे असते.

सातवी पायरी: हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे एक युनिट. दोनशे लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचे तर ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे सात युनिट. ही रोजची बचत असे विक्रेता सांगेल, पण उन्हाळ्यात एवढे गरम पाणी कोणी वापरत नाही आणि पावसाळ्यात ऊन नसते. चार-पाच माणसांच्या घरात वर्षाला १,२०० युनिट धरले तर तो हिशेब प्रामाणिक होईल. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात आणि वाचणारी युनिटे आपल्या बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्यातली असतात, म्हणून आपल्या बिलावरचा त्या टप्प्याचा दर धरावा.

समजा तो सर्व आकार धरून १० रुपये पडतो. मग वर्षाला १२,००० रुपये वाचतात. समजा नव्या यंत्रणेचा भाव ३०,००० आला आणि दुरुस्तीचा ६,०००. टाकी शाबूत असेल तर दुरुस्तीचे पैसे एका हिवाळ्या-उन्हाळ्यातच वसूल होतात आणि वय कितीही असले तरी दुरुस्तीच करावी. दुरुस्तीचा भाव नव्याच्या निम्म्यावर गेला आणि यंत्रणा दहा वर्षांहून जुनी असेल, तर माझा कल बदलण्याकडे आहे. या दोहोंच्या मध्ये असाल तर नुसती टाकी बदलण्याचा भाव मागवावा. प्रत्येक भाव लेखी आणि भागनिहाय घ्यावा. ‘सगळे मिळून इतके’ असा भाव मान्य करू नये, कारण त्यात काय बदलले आणि काय तसेच राहिले हे नंतर कळत नाही.

बदलायचेच ठरले तर

सातारा शहर, कराड, सांगली-मिरज, विटा, जत या बाजूला वर्षातले आठ-नऊ महिने ऊन भरपूर असते आणि सोलरला पर्याय शोधण्याची गरज नाही. महाबळेश्वर, पाचगणी, कोयनानगरकडे मात्र पावसाळ्याचे चार महिने सोलर जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे वर्षभर राहणाऱ्या, विशेषतः पाहुण्यांसाठी खोल्या देणाऱ्या कुटुंबांनी हीट पंपाचा विचार करावा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि तेवढ्याच पाण्यासाठी गिझरच्या साधारण एक तृतीयांश वीज घेतो. त्याची किंमत जास्त असते, म्हणून दोन माणसांच्या घराला तो परवडत नाही.

छपरावरील सौर विजेच्या पॅनेलसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत अनुदान आहे. तीन किलोवॉट आणि त्यापुढील संचांना ते ७८,००० रुपयांपर्यंत मिळते. पाणी तापवणाऱ्या सोलरला हे अनुदान लागू नाही. दोन्हींना लोक ‘सोलर’च म्हणत असल्याने काही विक्रेते या घोळाचा फायदा उठवतात, त्यांना योजनेचे नाव आणि अनुदान कोणत्या वस्तूवर आहे, हे लिहून मागावे. पॅनेल आणि गिझर अशी जोडी करावी का, असे पुष्कळ जण विचारतात. सात युनिट विजेसाठी पावणेदोन किलोवॉटची पॅनेल लागतात आणि ती पाणी तापवणाऱ्या सोलरपेक्षा बरीच जास्त जागा घेतात. गच्ची मोठी असेल तर ते चांगलेच आहे, पण ज्याची टाकी शाबूत आहे त्याने चालणारा सोलर त्यासाठी उतरवू नये.

नवा सोलर घेताना टाकीत विजेची कॉइल बसवून घेण्यापेक्षा न्हाणीघरात दहा-पंधरा लिटरचा छोटा गिझर वेगळा ठेवावा, असा माझा सल्ला आहे. दोन किलोवॉटच्या कॉइलला दोनशे लिटर पाणी तापवायला साडेतीन तास लागतात, आणि ढगाळ दिवशी एका बादलीसाठी सगळी टाकी तापवण्याचा खर्च वाया जातो.

गिझर, गॅस गिझर आणि तांब्याचा बंब

विजेच्या गिझरला हाच नियम लागू आहे. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, वॉशर आणि मॅग्नेशियम रॉड बदलता येतात. आतली टाकी गळू लागली की तो बदलावा. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॉटच्या गिझरला अठरा-एकोणीस मिनिटे लागतात. त्याहून खूप वेळ लागत असेल तर आधी व्होल्टेज मोजावे: २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर तीच कॉइल साठ टक्क्यांच्या आसपास काम करते, आणि वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी हे सर्रास घडते. पाण्यातून किंवा नळातून झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून अर्थिंग आणि कॉइल दोन्ही तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नये. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जे गिझर पाण्याखाली गेले, ते वाळवून चालू झाले तरी आतले इन्सुलेशन आणि जोडण्या भिजलेल्याच असतात. असे गिझर दुरुस्तीच्या फंदात न पडता काढून टाकावेत.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवलेला सापडला, तर तो चांगला चालतो की नाही हा प्रश्नच गौण आहे. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. तो त्या दिवसापासून वापरू नये. वापरायचाच असेल तर हवेशीर, उघड्या जागी हलवून घ्यावा.

जुन्या घराच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी थांबावे. त्याचा पत्रा जाड असतो, झाळ देऊन तो दुरुस्त होतो, आणि जळून गेलेली जाळी नवी बसवता येते. अंगण मोकळे असेल, शेतातले सरपण घरचे असेल, तर जुलै-ऑगस्टच्या झडीत सोलर थंड पडतो तेव्हा हाच बंब घराला उपयोगी पडतो. मात्र तो छपराखाली, बंद जागेत पेटवू नये.

काम झाल्यावर

दुरुस्ती असो वा नवी यंत्रणा, कारागिराला पूर्ण पैसे देण्याआधी तिसऱ्या पायरीतली दोन तापमाने पुन्हा घ्यावीत आणि आधीच्या आकड्यांशेजारी तारखेसह लिहावीत. बिलावर टाकीच्या स्टीलची प्रत, ट्यूबचे माप आणि संख्या, आणि प्रत्येक भागाची हमी वेगवेगळी लिहून घ्यावी. प्लेटवाला सोलर घेतला असेल तर त्यावर आयएस १२९३३ चा उल्लेख आहे का तेही पाहावे. हमीपत्रात पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा दिलेली असते आणि तिच्याबाहेरचे पाणी वापरले तर कंपनी हमी नाकारू शकते, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल त्याच फाइलमध्ये लावावा. पुढची तपासणी दिवाळीच्या सुमारास ठेवावी: पाऊस संपलेला असतो, थंडी अजून पडलेली नसते आणि कारागीरही सवडीने येऊ शकतात.